वाहनांच्या तक्त्यात मोर्चा

त्या दिवशी काम होतं चौकातल्या वाहनमोजणीचं. हातात टॅली काउंटर, मांडीवर तक्ता. वाहतूक थांबली, रस्ता रिकामा झाला आणि मोर्चा आला. बघ्यासारखं नुसतं उभं राहण्यापेक्षा मी माणसं मोजायला घेतली.

समोरासमोरच्या दिव्याच्या दोन खांबांमधली मनातली रेघ धरायची आणि दर दहा मिनिटांनी एक मिनिट ती ओलांडणारी डोकी मोजायची. मोर्चा जायला पन्नास मिनिटं लागली. आकडे आले ६४, १८२, ०, २३८, ९६. सरासरी मिनिटाला ११६, म्हणजे पन्नास मिनिटांत अंदाजे ५,८००. ध्वनिक्षेपकावर तेव्हा 'वीस हजार' चाललं होतं.

घोटाळा त्या शून्यात आहे. पुढची रांग थबकली होती, म्हणून रेघ कुणीच ओलांडत नव्हतं. पण मागून लोक येतच होते. शून्य वगळलं तर सरासरी १४५ होते आणि मोर्चा ७,२५०चा, म्हणजे बसल्या जागी सव्वापट! थांबण्याचा वेळ पन्नास मिनिटांत धरलाय, तेव्हा शून्यही धरायलाच हवं. खरं तर दर पाच मिनिटांनी मोजलं असतं तर एका शून्याचा एवढा भार पडला नसता.

थांबलेल्या गर्दीला ही रीत चालत नाही. तिथे क्षेत्रफळ लागतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे पत्रकारितेचे अध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात खिडकीतून दिसणाऱ्या फरशीच्या चौकटी आणि त्यांवरची माणसं मोजून ठोकताळा बसवला: विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, खच्चून भरलेल्या गर्दीत अडीच. चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. व्यासपीठासमोरची दाटी बघून तोच हिशोब अख्ख्या मैदानाला लावला जातो.

बघ्यांनी आकड्यापेक्षा दाटीकडेच लक्ष ठेवावं. चौरस मीटरला चार माणसं झाली की मोकळं चालता येत नाही. पाच-सहाच्या पुढे पाय आपले राहत नाहीत, धक्का लाटेसारखा येतो. तेव्हा हात छातीसमोर घ्यायचे, लाटेला विरोध करायचा नाही आणि ती ओसरली की तिरकं कडेकडे सरकायचं. बंद शटर किंवा कठड्याला पाठ लावून उभं राहणं सगळ्यात वाईट. कडेला असलो तरी तिथून निघायला वाटच नसते. मी गल्लीच्या तोंडाशी पायरीवर होतो. तिथून डोकीही नीट दिसतात.

शेवटच्या मोजणीच्या वेळी रुग्णवाहिका आली. स्वयंसेवकांनी हातात हात घालून दोन साखळ्या केल्या, मधे गाडीपुरती वाट झाली. बाजूला झालेले लोक फुटपाथवर चढले आणि माझ्या पाठीमागून पुढे गेले, म्हणून ते ९६ कमीच आहेत. तक्त्यात माणसांचा रकाना नव्हता. त्या पन्नास मिनिटांसमोर नोंद आहे: वाहने, एक.