युनोस, शाकेन आणि सोलापूरचे मामा

माझ्याकडची गाडी १९९१ सालची आहे. माझदाची युनोस रोडस्टर. लाल रंग, दोनच सीट, वर कापडी टप, आणि पुढचे दिवे बटण दाबल्यावर बोनेटमधून वर येतात. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा आईनं विचारलं, "आम्ही आलो तर बसायचं कुठं?" बाबांनी विचारलं, "नवी परवडत नाही का तिकडं?" आणि सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ गॅरेज असलेल्या मामांनी एवढंच विचारलं, "काम कोण करणार तिचं?"

मामांचा प्रश्न मुद्द्याचा होता. काम मीच करतो, आणि त्याचं पहिलं कारण हौस नसून मजुरी आहे. इथं जपानमध्ये, हामामात्सुत, गॅरेजवाला तासाला आठ-दहा हजार येन सहज लावतो. टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, ऑइल सील असं एकदम काढलं की पार्टच्या कितीतरी पट पैसे हाताचे जातात. सोलापुरात नेमकं उलटं. पार्ट महाग आणि माणूस स्वस्त, म्हणून पार्ट शेवटच्या श्वासापर्यंत जगवायचा. मामांचं सगळं कौशल्य त्यातून आलंय. इथं कामाला माणूस लावणंच परवडत नाही, म्हणून पार्ट फेकायचा आणि नवा बसवायचा. जपानी शिस्तीचं आपल्याकडं फार कौतुक होतं, पण या बाबतीत तो सरळ हिशोब आहे.

दुसरी गोष्ट मला इथं आल्यावर दिसली. सोलापुरात आमच्या कॉलनीत एखादा नोकरदार माणूस गाडीखाली आडवा दिसला, तर शेजारी आधी विचारतील, "मिस्त्री आला नाही का?" गाडी घेणारा वेगळा आणि गाडीखाली जाणारा वेगळा, हे आपण धरूनच चाललोय. इथं आमच्या कंपनीतले सेक्शनप्रमुख रविवारी निळा डगला घालून हाताला ग्रीस लावून उभे असतात आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. कायदाही आड येत नाही. दुसऱ्याच्या गाडीचे ब्रेक खोलून पैसे घ्यायचे तर परवाना लागतो. स्वतःच्या गाडीचे खोलायला लागत नाही.

गाडीबद्दल थोडं सांगतो. ती पहिल्यांदा दाखवली फेब्रुवारी १९८९ मध्ये, शिकागोच्या प्रदर्शनात. जपानमध्ये त्याच वर्षी सप्टेंबरपासून विक्री सुरू झाली. बाहेरच्या देशांत तिला एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणतात. युनोस हे माझदाच्या जपानमधल्या एका वेगळ्या विक्री साखळीचं नाव होतं. इंजिन १५९७ सीसी, ताकद १२० पीएस (अश्वशक्ती), आणि अगदी साध्या मॉडेलचं वजन ९४० किलो, म्हणजे साधारण आपल्या स्विफ्टइतकं. आकड्यांनी भारावून जावं असं काही नाही. पण वजन पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअरचा दांडा एवढासा हलतो. एप्रिल २०१६ मध्ये या गाडीच्या सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. एवढ्या खपल्या म्हणूनच पार्ट मिळतात, आणि पार्ट मिळतात म्हणून माझ्यासारखा या फंदात पडतो.

आता बोल्ट खोलायचे पाने. मामांच्या भिंतीवर दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा असे दोन तोंडांचे फिक्स पाने टांगलेले असतात. त्यातल्या बारा-तेराचं बाराचं तोंड जास्त झिजलंय, हे मी लहानपणापासून बघत आलो. कारण इथं कळलं. जपानी प्रमाणानुसार आठ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १२ चं असतं, युरोपी गाडीत तेच १३ चं. मामांच्या दारात जन्मभर मारुतीच आल्या, म्हणजे मूळच्या सुझुकी. माझी गाडीही १०, १२, १४, १७ यांवरच बहुतेक खुलते. भारतातून येताना बॅगेत टाकलेल्या पान्याच्या गोट्यांपैकी (सॉकेट) निम्म्या इथं नुसत्या डब्यात पडून आहेत.

स्क्रूचं प्रकरण जरा जास्त महत्त्वाचं. जुन्या जपानी गाडीवरचा चौफुलीचा स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखाच असतो, पण त्याची खाच वेगळी. पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तीच ओळख. त्यात साधा पेचकस पूर्ण खोल बसत नाही. जोर लावला की वर सटकतो आणि खाच गुळगुळीत होते. सोलापुरात यामाहा आरएक्स १०० मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरचे आणि इंजिनच्या कव्हरचे स्क्रू असे गेलेले मी किती बघितलेत! मग छन्नी-हातोडी घेऊन ठोकत बसायचं. सगळे म्हणायचे जपानी स्क्रू मऊ असतो. स्क्रू बरा असतो, पेचकस चुकीचा असतो. इथल्या कुठल्याही होम सेंटरमध्ये ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा हातोडीनं ठोकायचा पेचकस मिळतो. ठोकलं की टोक थोडं फिरतं आणि गंजलेला स्क्रू सुटतो. मामांना दोन आणि तीन नंबरचे पाठवलेत. त्यांच्या पोरांनी पहिल्या आठवड्यातच एक लपवून ठेवला म्हणे.

मामा-भाच्याचं खरं भांडण झालं ते क्लचवरून. गिअर पडताना कुरकुर, पेडल खाली गेलं की अर्धवटच वर येणार, आणि क्लचच्या डबीतलं तेल कमी. व्हिडिओ कॉलवर मामांनी दोन मिनिटांत निदान केलं. "गिअरबॉक्सच्या अंगाला बारका सिलिंडर हाय बघ. त्याची रबरी टोपी मागं सरकव. आत वलं हाय का?" ओलं होतं. या गाडीचा हा जुनाच रोग आहे. खालचा सिलिंडर दोन बोल्टवर असतो आणि काही वर्षांनी गळतोच. मी म्हटलं, नवा सिलिंडर मागवतो, काही हजार येनचा तर आहे.

"आरं, आख्खा सिलिंडर कशाला फेकायलास बे? आतलं रबर बदल की!"

रबराचा संच इथंही मिळतो, पैसेही नगण्य. पण सिलिंडर खोलून कॅमेऱ्यासमोर धरला तर आतल्या भिंतीला गंजाचे खड्डे. क्लचमध्येही ब्रेकचंच तेल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, ते पाणी तळाशी बसतं आणि धातू खातं. अशा भिंतीवर नवं रबर घासून पुन्हा गळणार. मामांकडं त्यावरही उत्तर होतं. बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून, तेल लावून, गोल-गोल फिरवायचा, खड्डे बुजेपर्यंत. त्यांनी अशा किती गाड्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पळत ठेवल्यात ते मला माहीत आहे. तरी मी नवाच बसवला. मामा अर्धा दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जिथं पार्ट मिळत नाही तिथं मामांची पद्धत श्रेष्ठ, हे मी त्यांना सांगितलं आणि आजही म्हणतो. इथल्या लोकांनाही त्याची झळ बसतेच. दुसऱ्या जुन्या जपानी स्पोर्ट्स गाड्यांचे मालक एकेका प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी लिलाव धुंडाळत असतात. माझं नशीब की माझदानं २०१७ साली या पहिल्या रोडस्टरचा दुरुस्ती कार्यक्रम जाहीर केला. गाडी हिरोशिमात नेऊन पूर्ववत करून देणं हा त्याचा एक भाग, आणि बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवणं हा दुसरा. कापडी टप, नार्डी कंपनीचं लाकडी स्टिअरिंग, एवढंच काय, ब्रिजस्टोननं त्या काळच्या नक्षीचा टायरही पुन्हा काढला. पहिला भाग माझ्या खिशापलीकडचा. दुसऱ्यावर माझं चाललंय.

सिलिंडर बसवल्यावर क्लचच्या तेलातली हवा काढायला दोन माणसं लागतात. तासाच्या भाड्यानं लिफ्ट देणारी जागा इथं शहराबाहेर मिळते, तासाला दोन-तीन हजार येन. बायको पेडलवर, मी खाली. "दाब. धर. सोड. दाब. धर." शेजारच्या लिफ्टवरचे आजोबा एकही शब्द न कळता मान डोलावत होते. हे काम कुठल्याही भाषेत असंच ऐकू येत असणार.

टायमिंग बेल्टला मात्र मामा नाही, बाबा कामी आले. बाबा आयुष्यभर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालते ठेवणारे. आम्ही राहतो त्या शहरात मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये कारखाना काढला तो मागाचा, मोटारी फार नंतर आल्या, हे सांगितल्यापासून बाबांना हामामात्सु आपलंच गाव वाटतं. हा बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवून ठेवतो, हे तत्त्व त्यांना समजवावं लागलं नाही. ताण्याचे धागे उघडे असतानाच धोटा पार गेला पाहिजे, नाहीतर सगळा ताणा तुटतो. "व्हॉल्व्ह उघडायचं आणि पिस्टन यायचं, तसंच ना?" तसंच. फरक इतकाच की या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला धडकत नाही, गाडी नुसती जागेवर थांबते. साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा असतो. माझ्या गाडीत आधीच्या मालकानं कधी बदलला त्याची नोंद नव्हती.

वरच्या दोन चक्रांवर 'आय' आणि 'ई' अशी अक्षरं असतात, इनटेक आणि एक्झॉस्टची. दोन्ही खुणा आपापल्या जागी आल्या की त्यांच्यामध्ये बेल्टचे १९ दात मोजून आले पाहिजेत. बाबांनी सोलापुरातून, मोबाइल नाकाला लावून, माझ्याबरोबर मोजले. मग म्हणाले, "आता हातानं दोन फेरे फिरव आणि परत मोज. चालू करायची घाई नको." पुस्तकातही तेच लिहिलंय.

काढलेल्या तेलाचीही इथं गंमत आहे. पुठ्ठ्याचा खोका विकत मिळतो, आत कापूस. जुनं तेल त्यात ओतायचं, पिशवी बांधायची, आणि नगरपालिका चालू देत असेल तर जळणाऱ्या कचऱ्यात द्यायचं. मामा ऐकून हळहळले. त्यांच्याकडं सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला तेच तेल मागायला येतात.

राहिलं शाकेन. आपल्याकडं खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. इथं नव्या गाडीला पहिली तीन वर्षं सोडली की दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी, तेच शाकेन. बहुतेक लोक डीलरकडं चावी देतात आणि भरमसाट बिल भरतात. पण मालक स्वतः गाडी नेऊ शकतो. ऑनलाइन वेळ घ्यायची, वजनाचा कर, सक्तीचा विमा आणि तपासणीचं शुल्क भरायचं, देखभालीची नोंदवही स्वतः भरायची. मामा म्हणाले, "काम पण तूच करायचं, लिहायचं पण तूच? मग एजंट काय करतो?" एजंट नाही मामा. हे त्यांना अजून पटलेलं नाही.

रांगेत गाडी लावली की आधी चेसिस नंबर, दिवे, हॉर्न. पुढं चाकं वाकडी चालत नाहीत ना ते एका सरकत्या पाटावर कळतं. मग रोलरवर ब्रेक, मीटर ४० दाखवत असताना खरा वेग किती ते, सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर, आणि शेवटी खाली खड्ड्यात उभा असलेला अधिकारी हातोडीनं बोल्ट ठोकत जातो. जुन्या गाड्यांना धुराची मर्यादा सैल आहे, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्क्यांपर्यंत चालतो. माझी गाडी अडली दिव्यावर. वर-खाली होणाऱ्या दिव्यांचा नेम हलतो, आणि १९९८ च्या आधीच्या गाड्यांचा हाय बीम बघतात. ऑफिसच्या बाहेरच नेम लावून देणारी खासगी दुकानं असतात. तिथल्या बाईंनी दोन स्क्रू फिरवले, पैसे घेतले, आणि त्याच दिवशी दुसऱ्या फेरीत गाडी पास झाली.

आता जूनचा पाऊस यायच्या आत एक काम उरकायचंय. टपावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन भोकांतून खाली जातं. त्यात पाला अडकला की ते दारांखालच्या पत्र्यात साचतं आणि मागच्या चाकापुढचा भाग आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. इथं समुद्राचा वाराही खारा. उपाय म्हणजे गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी वरून घालायची आणि खालून पाणी सुटेपर्यंत हलवायची. मामांना विचारलं तर म्हणाले, ब्रेकची जुनी केबल वापर. ते नको मामा, आतली रबरी नळी फाटेल.