आस्थापनेचा विषय

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक बैठकीत ‘आस्थापना’, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या, हा विषय नेहमी शेवटी घेतला जाई, आणि तो येईपर्यंत निम्म्या सिस्टरांचे लक्ष परतीच्या एसटीकडे लागलेले असे. माता-बालसंगोपन, लसीकरण, क्षयरोग, साथरोग, कुटुंबकल्याण या क्रमाने रकाने वाचून होत. ज्या उपकेंद्राचा आकडा कमी पडला असेल तेथील सिस्टर उभी राहून कारणे सांगे. आणि मग वही मिटता मिटता वैद्यकीय अधिकारी सांगत की अमुक सिस्टरची बदली झाली आहे, तमुक उपकेंद्राचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या सिस्टरकडे राहील आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या कंत्राटाचे नूतनीकरण अजून आलेले नाही. आधी उपकेंद्रात आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम घाटपट्ट्यात नोकरी केली. त्या सगळ्या बैठकांनंतर माझे मत असे बनले आहे की ती विषयपत्रिका उलट्या क्रमाने वाचायला हवी होती, कारण वरच्या प्रत्येक रकान्यात पुढच्या महिन्यात काय भरले जाणार हे त्या शेवटच्या पाच मिनिटांत ठरत असे.

बाहेरच्या माणसाला ‘सरकारी दवाखाना’ ही एकच गोष्ट वाटते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, ज्याला सारे लोक ‘सिव्हिल’ म्हणतात, ते जिल्हा शल्य चिकित्सकांकडे असते. आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय तर वेगळ्याच खात्याचे. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, सपाटीवर हेच आकडे ५,००० आणि ३०,००० असे आहेत. निकष कागदावर समंजस आहे. परंतु कळा सुरू झालेली बाई उपकेंद्रातून केंद्रात, केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तेथून सिव्हिलला जाते, तेव्हा तिच्यासाठी तो एकच रस्ता असला तरी आमच्यासाठी वाटेत मालक बदललेला असतो. रेफर चिठ्ठीवर आम्ही काय लिहिले हे पुढच्याने वाचले की नाही, हे आम्हाला बहुतेक वेळा बाळंतीण घरी परत आल्यावर तिच्या सासूकडूनच कळे.

या व्यवस्थेत काम करणारी माणसेही एका प्रकारची नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा बैठकीतले सगळे कर्मचारी कायम होते, फार तर कोणी बदली कामगार असे. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच टेबलाभोवती चार प्रकारची माणसे बसू लागली: जिल्हा परिषदेच्या वेतनश्रेणीवरील कायम कर्मचारी, अभियानातून घेतलेले कंत्राटी कर्मचारी, शासकीय महाविद्यालयातून शिकून बंधपत्राची मुदत पुरी करायला आलेले डॉक्टर, आणि ज्यांना कर्मचारी म्हणायचे की नाही हेच अजून ठरलेले नाही अशा आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका. एकाच प्रसूतिगृहात रात्रपाळी करणाऱ्या दोन परिचारिकांपैकी एकीला निवृत्तिवेतन मिळणार असते आणि दुसरीला मार्चअखेर पुनर्नियुक्तीचे पत्र मिळेल की नाही याची धास्ती असते. हातमोजे मात्र दोघींचे एकाच खोक्यातले.

आशाताईंविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्यांच्याविषयी कौतुकाचे शब्द पुष्कळ लिहिले जातात आणि हिशेब कमी सांगितला जातो. साधारण १,००० लोकसंख्येमागे एक आशा असे प्रमाण आहे. ती त्याच गावची असते, तिला पगार नसतो, प्रत्येक कामाचा ठरलेला मोबदला असतो. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा जागतिक सन्मान केला. ही बातमी आमच्या तालुक्यात आली तेव्हा एका आशाताईने मला विचारले होते की, ‘मॅडम, हे कोणत्या हेडखाली जमा होणार?’ ती थट्टा करत नव्हती. तिच्या दृष्टीने प्रत्येक गोष्टीला एक हेड, म्हणजे हिशेबातले शीर्षक, असायलाच हवे होते. पुढे संप आणि मोर्चे झाले, मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ केली आणि २०२५ मध्ये केंद्राने नियमित कामांचा मोबदला २,००० वरून ३,५०० रुपयांवर नेला. तरीही ‘पगार’ हा शब्द कोणत्याही कागदावर आलेला नाही.

याच मोबदल्याच्या पद्धतीत एक काम असे आहे की ते मी शंभर टक्के यशस्वी मानते, आणि ते म्हणजे घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेणे. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जायचे, घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक भेट. बाळाचे वजन करायचे, तापमान घ्यायचे, श्वास मोजायचे, ते अंगावर नीट पिते आहे का हे पाहायचे, आणि सर्व भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपये. या कल्पनेचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तेथील ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले आणि नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी रोखता येतात हे दाखवले, १९९९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०११ मध्ये देशाच्या कार्यक्रमात ही पद्धत घेतली गेली. गडचिरोलीतला एक प्रयोग आमच्या घाटातल्या पाड्यापर्यंत पोहोचायला बारा वर्षे लागली, पण तो टिकला. का टिकला, यावर मी बराच विचार केला आहे. त्यात दिवस ठरलेला आहे, घर ठरलेले आहे, आणि जाणारी बाई नावानिशी ठरलेली आहे. एकविसाव्या दिवशी कोण गेले होते, असे विचारले तर एकच नाव निघते.

त्याच्या शेजारी मोहिमा ठेवून पाहाव्यात. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आली, ऑक्सिमीटर आणि तापमापक घेऊन आम्ही घरोघर हिंडलो. २६ सप्टेंबर २०२२ पासून नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ आली, १८ वर्षांवरील सर्व स्त्रियांच्या तपासणीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जागरूक पालक, सुदृढ बालक’ आली, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पुरुषांसाठी ‘निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे’ आली. म्हणजे साधारण वर्षभरात बायका, मुले आणि पुरुष असे घर पुरे झाले. मी या मोहिमांना नावे ठेवणार नाही. नवरात्रातल्या शिबिरात एक बाई केवळ सासूला सोबत म्हणून आली होती आणि ओळीत उभी आहेच तर दंडाला पट्टा बांधू या म्हणून आम्ही तिचा रक्तदाब घेतला, तर तो इतका वाढलेला निघाला की डॉक्टरांनी तिला तेथेच बसवून ठेवले. चाळिशीच्या आतली बाई. ती स्वतःहून दवाखान्याची पायरी चढली असती असे मला वाटत नाही.

पण त्या बाईचे पुढे काय झाले, हे त्या मोहिमेच्या कोणत्याही अहवालात नाही. अहवालात ‘तपासणी केलेल्या महिला’ आणि ‘संदर्भित केलेल्या महिला’ असे दोन रकाने होते. ‘गोळ्या सहा महिन्यांनंतरही चालू आहेत’ असा रकाना नव्हता, कारण सहा महिन्यांनंतर दुसरी मोहीम चालू होती आणि तीच सिस्टर, तीच आशा दुसऱ्या नमुन्यात माहिती भरत होती. त्या बाईच्या गोळ्या चालू राहिल्या त्या तिथल्या आशाताईने दर महिन्याला केंद्रातून तिची पाकिटे नेली म्हणून. त्या कामाला तेव्हा हेड नव्हते.

या बाबतीत खरा फरक पडला तो समुदाय आरोग्य अधिकारी आल्यावर. २०१८ च्या घोषणेनंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, पुढे २०२३ मध्ये त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नाव मिळाले, आणि तेथे बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, सहा महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले-मुली नेमली गेली. पहिले वर्ष कठीण गेले, हे कबूल केले पाहिजे. वीस-बावीस वर्षे उपकेंद्र एकटीने ओढणाऱ्या सिस्टरच्या खुर्चीत पंचविशीतला मुलगा येऊन बसला, लोक त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागले, आणि लसीकरणाला मात्र सिस्टरच पाठीवर पेटी घेऊन जात राहिली. मला दोन उपकेंद्रांत अक्षरशः टेबल कोणाचे यावरून समेट करावा लागला आणि एका ठिकाणी शेवटी दुसरे टेबल मागवावे लागले. शासन निर्णयात कामाची विभागणी असते, खुर्च्यांची नसते. तरीही दुसऱ्या वर्षापासून रक्तदाब आणि मधुमेहाचे रुग्ण गोळ्यांसाठी तालुक्याला जायचे थांबले, दूरध्वनीवरून तज्ज्ञांचा सल्ला उपकेंद्रात बसून मिळू लागला, आणि सिस्टरला गरोदर मातांसाठी तिचा वेळ परत मिळाला.

आणि हे अधिकारीही कंत्राटीच. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने अभियानात १० वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यांना समकक्ष पदांच्या ३० टक्के जागांवर सामावून घेण्याचे ठरले. ती बातमी आमच्या निवृत्तांच्या गटावर येऊन पोहोचली तेव्हा जुन्या परिचारिकांनी एकमेकींना पेढ्यांची चित्रे पाठवली. पण सामावून घेण्याच्या यादीत नाव, ज्येष्ठता, पदाचा समकक्षपणा, रिक्त जागा इतक्या चाळण्या असतात की शासन निर्णय निघणे आणि आदेश हातात पडणे यांत मोठे अंतर असते. त्या अंमलबजावणीसाठी राज्यातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी १९ ऑगस्ट २०२५ पासून बेमुदत संप केला. नवजात अतिदक्षता कक्षापासून औषधभांडार आणि संगणकावरील नोंदींपर्यंत किती कामे याच माणसांच्या हातात आहेत, हे तेव्हा ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनाही कळले. संपाने रुग्णांचे हाल होतात, आणि लसीकरणाच्या दिवशी उपाशीपोटी चार मैल चालून आलेली आई परत फिरते तेव्हा मला तिचीच बाजू घ्यावीशी वाटते. परंतु पंधरा वर्षे दर मार्चला नवी नेमणूक मिळणारी माणसे नेमकी कोणत्या महिन्यात संप करतील तर कोणाला त्रास होणार नाही, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

बदल्यांविषयी थोडक्यात. उन्हाळ्यात बदल्या होतात, आणि लगेच जूनमध्ये नदीनाले भरतात, त्यामुळे नवी सिस्टर गाव नीट पाहण्याआधीच पावसाळ्यात अडकते. कार्यभार देताना आम्ही जडवस्तू नोंदवही, औषधसाठा, लसपेटी, किल्ल्या आणि नोंदवह्या यांची यादी करून दोघींच्या सह्या घेत असू. त्याला अर्धा दिवस पुरे. पण कोणत्या घरात पहिली दोन बाळे गेली आहेत आणि म्हणून तिसऱ्या खेपेला बाईला आठव्या महिन्यातच माहेरी न जाऊ देता तालुक्याजवळ आणून ठेवायचे आहे, कोणत्या घरी सासऱ्याशी बोलले तरच सून लस घेते, भगत कोण आणि तो कोणत्या आजारात स्वतःच माणसाला आमच्याकडे पाठवतो, याची कुठेही सही होत नाही. जुनी आणि नवी सिस्टर किमान आठ दिवस एकत्र फिरल्या पाहिजेत, असे मी दोनदा लेखी कळवले होते. वरच्या कार्यालयातून उत्तर आले की एका पदावर दोन वेतने काढता येत नाहीत. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते.

माझ्या निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले, माझी जागा काही काळ रिक्त राहिली आणि मग एक तरुण सहायिका रुजू झाली. मी तिच्यासाठी शंभर पानी वही भरून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, पाठीमागे पावसाचा आवाज इतका होता की तिला ओरडून बोलावे लागत होते.

‘मॅडम, तुमच्या वहीत जोखमीच्या मातेच्या घरापुढे “ओढ्यापलीकडचा पाडा” असं लिहिलंय. मी ओढ्याशी उभी आहे, पण पाडा तर अलीकडंच दिसतोय.’

मी तिला सांगितले की ती वही मी मार्चमध्ये लिहिली होती, तेव्हा वाट खालून जाते. पावसाळ्यात धरणाच्या बाजूने वरून यावे लागते, त्यामुळे ओढा ओलांडावाच लागत नाही. ती बरोबर उभी होती.