चेरीला नवं नाव हवंय

तैवानात, निदान आमच्या शिन्चूच्या ऑफिसांत, बहुतेकांना दोन नावं असतात. घरचं चिनी आणि कामावरचं इंग्रजी. हे इंग्रजी नाव पुष्कळदा लहानपणी बूशीबानमध्ये, म्हणजे शाळा सुटल्यावरच्या क्लासमध्ये, बाई देऊन टाकतात. पहिलीतल्या पोरीला कोण विचारतंय! तर आमच्या चिप डिझाइनच्या टीममध्ये एक चेरी आहे. वय सव्वीस, कामात वाघीण, आणि तिला हे नाव आता नकोय.

परदेशी ग्राहकांच्या तांत्रिक शंकांना ती मेलवर उत्तरं देते. चेरीच्या नावानं उत्तर गेलं की पलीकडून येतं, "एकदा सीनियरना विचारून घ्याल का?" तेच उत्तर शेजारच्या केव्हिननं एक शब्दही न बदलता पाठवलं, की "थँक्स, ऑल क्लिअर." मी तिच्या स्क्रीनवर दोन्ही मेल पाहिलेत. "मला पुरुषाचं नाव नकोय गं," ती म्हणाली, "पाटी कोरी हवीय. आधी उत्तर तर वाचू देत."

गंमत अशी की तिचं खरं नाव रोमन लिपीत मुळात तसंच, बाई की पुरुष ते न सांगणारं, आहे. यु-थिंग. तिच्या 'थिंग' अक्षराच्या डाव्या अंगाला 'स्त्री' हे चिन्ह आहे. पॅरिसला २०२४ मध्ये मुष्टियुद्धात सुवर्णपदक जिंकणाऱ्या लिन यु-थिंगचं 'थिंग'ही हेच. पण हे चिन्ह नसलेली, अगदी याच उच्चाराची अक्षरं मुलग्यांच्या नावांत येतात. रोमन लिपीत दोघं सारखेच. मग तेच का वापरत नाही? तर समोरच्याला ते उच्चारता येत नाही, आणि लोक पहिलं अक्षर आडनाव समजून तिला 'मिस्टर यु' करून टाकतात.

मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. ॲलेक्स? ऑफिसात आधीच दोन. किम? कोरियन आडनाव वाटेल. आपल्याकडे किरण, शीतल दोघांनाही चालतात, म्हणून मी हौसेनं 'किरण' सुचवलं. ती हसून म्हणाली, "मग मला भारतीय समजून आणखी निराळे प्रश्न येतील!" मला निरुत्तर करायला एवढं पुरे होतं.

केव्हिनला हा सगळा खटाटोप वाटतो. पण नावाचा असा विचार तैवानला नवा नाही. ऑड्री थांग या इथल्या ट्रान्सजेंडर प्रोग्रामर. त्यांनी २००५ मध्ये चिनी आणि इंग्रजी दोन्ही नावं बदलली, २०१६ मध्ये मंत्रिमंडळात जाताना फॉर्मवरच्या लिंगाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं, आणि २०२२ मध्ये डिजिटल खात्याचं मंत्रिपदही मिळालं. चेरीचं मागणं त्यामानानं किरकोळ, तिला फक्त इनबॉक्स सुसह्य हवाय. माझ्या मते सुधारायला हवं ते ग्राहकानं. पण तेवढी वाट बघायला तिला सवड नाही.

शेवटी 'जेमी' ठरलं. यासाठी कोर्टकचेरी लागत नाही, कारण इंग्रजी नाव हे इथं कायद्याचं नाव नसतंच. हवं असेल तर पासपोर्टवर 'उर्फ'चा रकाना आहे. तिनं मेलखालची सही बदलली, आयटीला कळवलं, संपलं. आजी 'आ-थिंग'च म्हणते, केव्हिन सवयीनं चेरी हाक मारतो. व्हिडिओ कॉलवर तर चेहरा दिसतोच, म्हणून नव्या ग्राहकाला पहिली उत्तरं ती मेलवरच देते आणि कॉल जमेल तेवढा पुढे ढकलते.