रुईच्या कुळातल्या अमेरिकन वेली ओळखताना : माझा अनुभव

पानावरून नाव सांगायचा नाद सोडा, हे पहिलं. सेंट लुईसला मिसूरी बोटॅनिकल गार्डनच्या हर्बेरियममधे, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, मी निकाराग्वा, पनामाकडच्या वेलींची शीटं (कागदावर चिकटवलेले वाळके नमुने) घेऊन बसायचे, गोनोलोबस काय, मॅटेलिया काय, फिशेरिया काय, या सगळ्या जीनसची (एका जीनसमधे जवळच्या जाती येतात) पानं समोरासमोर, पत्त्यातल्या बदामासारखी, लवदार, आणि कित्येक शीटांवर नुसती पानंच, फुलाचा पत्ता नाही.

फूल असलंच तर आधी क्युरेटरची, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्याची, परवानगी, कारण एक फूल बळी द्यावं लागतं. उकळत्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून ते मऊ करायचं आणि मायक्रोस्कोपखाली सुईने हळूहळू उलगडायचं, घाई केली की आतल्या कड्याचा, म्हणजे कोरोनाचा, भुगा. रुईसारख्या या झाडांत पराग सुटे नसतात, मेणचट गोळ्यांच्या जोड्या असतात, पोलिनिया. आपल्या रुईत त्या खाली लोंबतात, कॉलेजात बघितलेलं असतं आपण, पण या गोनोलोबसच्या गटात साधारण आडव्या असतात, तेवढ्यावरून गट तरी पक्का होतो. मग परागकोशाच्या पाठीला मांसल पाळी दिसली की गोनोलोबस. नाही दिसली तर बहुतेक मॅटेलिया, आणि खरी डोकेदुखी तिथेच, कारण ऑब्ले या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७५ मधे फ्रेंच गयानातल्या झाडावरून मांडलेल्या या जीनसमधे वुडसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४१ साली कितीतरी छोटे जीनस कोंबले आणि आता डीएनए बघून लोक ते परत बाहेर काढतायत.

रंगाचं तर विचारूच नका. हिरवी, चॉकलेटी, जांभळट, सगळी फुलं वाळली की तपकिरीच. लेबलवर कोणी स्पॅनिशमधे ‘फूल हिरवं, आत जांभळ्या रेघा’ एवढं जरी लिहून ठेवलं असेल ना, तर त्या माणसाचे पाय धरावेसे वाटतात.

नाव ठरलं की शीटवर नावाची नवी स्लिप, त्यावर आपलं नाव आणि वर्ष, जुनी स्लिप चुकीची असली तरी काढायची नाही. उलगडलेल्या फुलाचे तुकडे कागदी पाकिटात घालून त्याच शीटवर, म्हणजे पुढच्याला परत फूल उकळायला नको.

आणि फूल, फळ काहीच नसेल तर मी सरळ ‘गोनोलोबिनी’, म्हणजे गोनोलोबसचा तो अख्खा गट, एवढंच लिहून सोडते. त्यावरून एकजण माझ्याशी तावातावाने भांडला, निदान जीनस तरी लिही म्हणे, पण पानावरून ठोकून दिलेली नावं डेटाबेसमधे जातात आणि मग नकाशावर भलत्याच ठिकाणी ठिपके दिसायला लागतात, ते कोण निस्तरणार?