पानिपत नव्हे, कासेगाव

मोडी कागद वाचून देण्याच्या माझ्या धंद्यात पानिपत सारखं भेटतं. घराण्याचा इतिहास शोधायला आलेला माणूस चहाचा पहिला घोट घेतो आणि म्हणतो, "आमचे एक पूर्वज पानिपतावर पडले." कधीकधी ते खरंही निघतं.

त्या दिवशी साताऱ्याकडचं एक कुटुंब आलं होतं. काका, पुतण्या आणि ऐंशी ओलांडलेल्या आत्या. कुलवृत्तान्त छापायला जायचा होता आणि पानिपतच्या प्रकरणाला पुरावा हवा होता. देवघराखालच्या पेटीतला कागद काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढला. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण मधला मजकूर शाबूत. अक्षर दफ्तरी कारकुनाचं, घोटीव. घरचा कर्ता लढाईत कामास आला, मागे बायको आणि लहान मूल, म्हणून मुलाच्या नावे बालपरवेशीची, म्हणजे पडलेल्याच्या मुलाच्या पालनपोषणाची, जमीन. इथपर्यंत घरातली कथा तंतोतंत जुळत होती.

मी आधी काळ बघते. अशा कागदांवर बहुधा सुहूर सन, म्हणजे मृगापासून सुरू होणारं जुनं दफ्तरी वर्ष, असतो आणि तोही अरबी संख्यानामांत. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतचे महिने असतील तर ६००. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणजे 'इहिदे सितैन मया व अलफ', ११६१. माझ्यासमोर स्वच्छ 'खमस सबैन' होतं. ११७५. म्हणजे १७७४ चा पावसाळा किंवा त्यानंतरचा.

"सरकारी काम आहे, लागली असतील तेरा-चौदा वर्षं," काका म्हणाले. मला हसू आलं, कारण युक्तिवाद अगदीच टाकाऊ नव्हता. पण दोन ओळी खाली कासेगावचं नाव होतं, आणि त्रिंबकराव मामांचंही.

मग सगळं सांगावं लागलं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, राघोबादादा पेशवे झाले आणि कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचा कट उभा केला. दादांच्या पाठलागावर कारभाऱ्यांकडून त्रिंबकराव पेठे, म्हणजेच कागदातले त्रिंबकराव मामा, निघाले. तीनच वर्षांपूर्वी मोती तलावावर हैदरअलीला लोळवणारा हा सरदार. २६ मार्च १७७४ ला पंढरपूरजवळ कासेगावला दादा उलटून त्यांच्यावर पडले. मामा जखमी होऊन हाती लागले आणि त्या जखमांनीच गेले. शाळेच्या पुस्तकात याला एक ओळ मिळाली तरी नशीब.

आपला माणूस कोणत्या बाजूला होता, हे कागदात सरळ लिहिलेलं नसतं. मामांबरोबर लढाई म्हणजे त्यांच्या फौजेत की त्यांच्यासमोर? अशा वेळी पैसे कोणी दिले ते बघायचं. १७७४ च्या पावसाळ्यात पुण्याचा कारभार बारभाईंकडे होता, पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने. दादांकडून पडलेल्याच्या पोराला त्यांनी पांडभर जमीनही दिली नसती.

आत्या इतका वेळ गप्प होत्या. "म्हणजे त्यांना मारलं कोणी?"

"दादासाहेबांच्या फौजेने."

"ते तर आपलेच की."

मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार?

काकांना ते पटेना. वृत्तान्तात पानिपतच राहू दिलं तर कुणाला कळणार आहे, असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. काय छापायचं ते तुम्ही ठरवा, मी म्हटलं, पण माझ्या सहीच्या लिप्यंतरात कासेगावच येईल. त्यांचा राग मी समजू शकते. पानिपतावर शत्रू बाहेरचा होता, मरणाला मान आहे. डभई १७३१, आळेगाव १७६२, धोडप १७६८, कासेगाव १७७४ : घरच्याच भांडणात पडलेल्यांची संख्या थोडी नसणार, पण माझ्याकडे येऊन "आमचे पणजोबांचे पणजोबा धोडपला पडले" असं अजून कुणी अभिमानाने सांगितलेलं नाही. मला तर अशा कागदांची जास्त किंमत वाटते. पानिपतची बखर सगळ्यांची आहे, हा कागद फक्त यांचा.

पुतण्याने मात्र फोनवर नकाशा उघडला होता. त्याला कासेगाव महामार्गालगत, अगदी वाटेवरच दिसत होतं. ते वाळवा तालुक्यातलं, मी सांगितलं, तुम्हाला पंढरपूर तालुक्यातलं हवं. आत्या म्हणाल्या, आषाढीला माणसं जमवण्यापेक्षा आत्ताच, गर्दी नसताना जाऊन येऊ. काका लिप्यंतराच्या किती प्रती मिळतील ते विचारत होते.