ती यानं आधीपासून तिथंच उभी होती

सिनेमावर माझ्याशी बोलणारी माणसं एक प्रश्न हमखास विचारतात: "एवढं पारखून सिनेमे पाहता, मग 'एलिझियम'सारखा ढोबळ सिनेमा तुम्हाला इतका का आवडतो?" काही जण जरा चिडूनच विचारतात. बहुतेकांनी तो पाहिलेला असतो, पहिला अर्धा-पाऊण तास आवडलेलाही असतो आणि पुढे त्यांचा विरस झालेला असतो. आजवर मी तुकड्यातुकड्यांनी उत्तर देत आलो. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता सगळंच सांगतो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. साल २१५४. श्रीमंत लोक पृथ्वी सोडून आकाशात फिरणाऱ्या, बांगडीसारख्या गोल अशा एका प्रचंड कड्यावर राहायला गेलेत. त्या कड्याचं नाव एलिझियम. हिरवळ, तलाव, पांढरे बंगले आणि घरोघरी एक खाट. तिच्यावर झोपलं की मोडलेलं हाड, रक्ताचा कर्करोग, काहीही काही क्षणांत बरं होतं. खाली पृथ्वीवर उरलेली माणसं धुळीत, गर्दीत आणि रांगेत. मॅक्स नावाचा एक कामगार कारखान्यातल्या अपघातात किरणोत्सर्गाने भाजून निघतो. त्याच्या हातात पाच दिवस उरतात आणि त्याला वर पोहोचायचंय. नील ब्लोमकँपचा हा सिनेमा २०१३ साली आला. मॅक्सचं काम मॅट डेमनने केलंय.

आता ते दार. कारखान्यातल्या किरणोत्सर्गाच्या खोलीचं जाड दार अडकतं, कारण आत माल ठेवायचं एक पॅलेट आडवं आलंय. मॅक्स म्हणतो, आत जाणं धोक्याचं आहे. मुकादम म्हणतो, जातोस की दुसऱ्याला बोलावू? मॅक्स एकदा दाराकडे बघतो, एकदा त्या माणसाकडे, आणि आत जातो. पॅलेट सुटतं. दार त्याच्या पाठीमागे बंद होतं.

मी अकरा वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे धातू दाबून आकार देणाऱ्या यंत्रांवर काढली. आमच्या प्रेसला दोन बटणं होती, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही. हेतू हा की दोन्ही हात बटणांवर राहावेत, डायखाली, म्हणजे साच्याखाली राहू नयेत. पण एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं की एक हात मोकळा राहतो आणि दर नगामागे सेकंद-दोन सेकंद वाचतात. पाळीभरात ते सेकंद साठून बरेच जास्तीचे नग निघतात. चिकटपट्टी लाव असं कोणी कधी तोंडाने सांगितलं नाही. फक्त ज्याचं प्रॉडक्शन कमी भरायचं त्याला सुपरवायझर विचारायचा, "तुला जमत नसेल तर सांग." माझ्या शेजारच्या प्रेसवरच्या मित्राची उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली. पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही दोघांनी हा सिनेमा एकत्र पाहिला. मॅक्स दाराशी उभा राहिला तेव्हा माझा मित्र मोठ्याने म्हणाला, "जाऊ नको रे." बाकी अख्ख्या सिनेमात तो एक शब्द बोलला नाही.

या प्रसंगाला बटबटीत म्हणणारे प्रेक्षक मला भेटलेत. त्यांना मी एवढंच सांगतो की तिथे कोणी मॅक्सला ढकलत नाही. तो स्वतःच्या पायांनी जातो. नंतर कोणी चौकशी केली असती तर कागदावर तेच लिहिलं गेलं असतं. अपघातानंतर एक यंत्रमानव त्याला ओढून बाहेर काढतो, पाच दिवसांत मरशील म्हणून सांगतो, गोळ्या देतो आणि गोळ्या मिळाल्याची पोच घेतो. कंपनीचा मालक येतो तो मॅक्सला निजवलंय त्या पलंगावरची चादर खराब होईल या काळजीत. हे लिहिणाऱ्याला कारखान्याची जवळून ओळख असणार, असं मला दर वेळी वाटतं.

तसाच दुसरा प्रसंग पॅरोलच्या कचेरीतला; मॅक्स तुरुंगातून अटींवर सुटलाय. खिडकीमागे प्लॅस्टिकचा एक पुतळा, चेहऱ्यावर रंगवलेलं हसू, तेही उडालेलं. पोलिस यंत्रमानवांनी बसच्या रांगेत विनाकारण हात मोडलाय, हे मॅक्सला समजावून सांगायचंय. पुतळा ऐकूनच घेत नाही, उलट पॅरोलची मुदत वाढवतो. मॅक्सच्या छातीचे ठोके वाढलेले दिसताच गोळी हवी का विचारतो आणि पुढे विचारतो, माणसाशी बोलायचंय का? मॅक्स नको म्हणतो, आभार मानतो आणि निघतो. हा नकार मी कितीदा पाहिला असेल. माणूस मागितला तर आपल्या नावापुढे आणखी काहीतरी लिहिलं जाईल, हे त्याला ठाऊक आहे. विषमता म्हणजे बंगला आणि झोपडी एवढंच डोळ्यांपुढे येतं, पण तिचा मोठा भाग अशा खिडक्यांपाशी घडतो, जिथे आपली बाजू ऐकायला समोर कोणी नसतं.

आता तुमच्या तक्रारींकडे येतो. काही मला मान्यच आहेत. उत्तरार्धात सिनेमा मारामारीच्या हाती जातो. जोडी फॉस्टरने केलेली संरक्षणमंत्री डेलाकोर्ट ही सगळ्यात धोकादायक व्यक्तिरेखा, कारण ती आपल्या कड्याचं रक्षण करतेय असं तिला मनापासून वाटतं. तिला मध्येच मारून टाकलंय आणि तिच्या जागी क्रूगर हा भाडोत्री मारेकरी आणलाय. शार्ल्टो कॉपली त्या भूमिकेत अंगावर काटा आणतो, पण क्रूगर हे कोणत्याही व्यवस्थेचं रूप नाही, तो नुसता क्रूर माणूस आहे. त्याला हरवलं म्हणून काय बदललं? ब्लोमकँपनेही पुढे एका मुलाखतीत मान्य केलं की कल्पना चांगली होती, पण पटकथेत आपण कमी पडलो.

आणखी एक रास्त तक्रार: मॅक्स राहतो त्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या लॉस एंजेलिसमध्ये तारणहार म्हणून गोराच नायक का? याला माझ्याकडे बचाव नाही. एवढंच सुचवीन की स्पायडरकडे लक्ष ठेवा. वॅग्नर मोराने केलेला हा लंगडा माणूस सुरुवातीला लोकांना पैसे घेऊन वर पाठवणारा तस्कर असतो. कंपनीच्या मालकाच्या डोक्यातून चोरलेली, त्या कड्याच्या संगणकाची सगळी सूत्रं आता मॅक्सच्या डोक्यात आहेत, हे कळल्यावर त्याच्यातला व्यापारी गळून पडतो. सिनेमात खरा बदलणारा माणूस तो आहे.

"प्रचारकी आहे" या आक्षेपावर मी फार वेळ घालवत नाही. २०११च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये लोक मूठभर श्रीमंतांविरुद्ध 'आम्ही ९९ टक्के' म्हणत बसले होते, अमेरिकेत आरोग्यविम्याच्या कायद्यावरून रान पेटलं होतं, त्यामुळे २०१३ साली तिथल्या प्रेक्षकांनी तो आपापल्या पक्षाच्या चष्म्यातून पाहिला. पण हे जग फक्त अमेरिकेवरून रचलेलं नाही. ब्लोमकँपचा जन्म १९७९चा, जोहान्सबर्गचा. वर्णभेदाच्या राजवटीतल्या शहरात कुंपणाच्या आत वाढलेल्या मुलाने कुंपण आकाशात नेऊन ठेवलंय. उजाड पृथ्वी त्याने मेक्सिको सिटीजवळच्या खऱ्याखुऱ्या कचरा डेपोवर चित्रित केली. आणि कड्याची मूळ रचना १९७५ साली नासाच्या एका उन्हाळी अभ्यासात मांडलेली, दहा हजार माणसांच्या वसाहतीची.

राहिला तो आक्षेप, जो सगळ्यात जास्त वेळा येतो आणि ज्याच्यामुळे मी हे लिहायला बसलो. शेवटी एक कळ दाबली जाते आणि पृथ्वीवरचा प्रत्येक माणूस एलिझियमचा नागरिक ठरतो. तत्क्षणी यंत्रमानव स्पायडरला पकडायला नकार देतात, कारण नागरिकाला अटक करता येत नाही. पाठोपाठ वैद्यकीय यानं आपोआप खाली निघतात. दारं उघडतात, आत खाटांच्या रांगा. इथे प्रेक्षक वैतागतो. "म्हणजे ही यानं आधीपासून तिथं होती? खाटा होत्या? मग आधीच का नाही पाठवल्या? खर्च तर काहीच दिसत नाही. एवढी मोठी चूक कशी सुटली?"

मला ती चूक वाटत नाही. सिनेमाच्या सुरुवातीला एक आई पांगळ्या मुलीला कडेवर घेऊन चोरट्या यानातून वर उतरते. तिच्यासोबत निघालेली दोन यानं क्षेपणास्त्रांनी पाडलेली आहेत. ती धावत एका बंगल्यात घुसते, मुलीला खाटेवर ठेवते. मनगटावर डागलेली खोटी खूण यंत्र वाचतं, मुलीला नागरिक समजतं आणि हाड जोडून टाकतं. एवढंच. यंत्राला काही कमी पडत नाही, कोणा श्रीमंताच्या वाटणीचा उपचार कमी होत नाही. तरी आईला पकडतात आणि दोघींना परत खाली पाठवतात. खाट नेहमीच पुरेशी होती. अडवत होती ती मनगटावरची खूण.

हे कल्पनेतलं वाटत असेल तर ब्लोमकँपच्याच देशाकडे बघा. एचआयव्ही काबूत ठेवणारा औषधांचा एकत्रित उपचार १९९६मध्ये आला आणि श्रीमंत देशांतले मृत्यू झपाट्याने घटले. २००० साली त्याचा खर्च माणशी वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर होता. दक्षिण आफ्रिकेत लाखो लोकांना लागण झालेली, पण औषध त्यांच्या आवाक्याबाहेर. स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा तिथल्या सरकारने केला, तर जवळजवळ चाळीस औषध कंपन्यांनी त्याविरुद्ध खटला भरला. फेब्रुवारी २००१मध्ये भारतातल्या सिप्लाने तसाच तीन औषधांचा एकत्रित उपचार माणशी वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलरच्याही आत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जगभरातून टीका झाल्यावर, कंपन्यांनी खटला मागे घेतला.

१९९६ ते २००१ या काळात औषध होतं. ते बनवता येत होतं, स्वस्तात बनवता येत होतं. त्या पाच वर्षांत गेलेल्या माणसांच्या घरच्यांना कोणी सांगावं की हे पटकथेतलं भोक आहे?

म्हणून शेवट भाबडा आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. कळ दाबल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल, खाटा किती जणांना पुरतील, वरचे लोक गप्प बसतील का, यातलं काहीच सिनेमा सांगत नाही, आणि ते विचारणं बरोबरच आहे. पण सुरुवातीपासून प्रेक्षकाच्या मनात तो एक समजूत तयार होऊ देतो, की वरच्यांकडे आहे आणि खालच्यांना पुरणार नाही. शेवटच्या पाच मिनिटांत ती समजूत तो मोडून टाकतो. तुम्हाला त्या यानांचा राग येतो ना? मलाही येतो. फक्त तो पटकथाकारावर काढायचा, असं मला वाटत नाही.

आता मी सिनेमा लावतो तेव्हा क्रूगरची शेवटची मारामारी पुढे सरकवतो. यानं उतरतात तिथे थांबतो. धुळीतून पोरं त्यांच्याकडे धावत सुटतात, आणि यानांची दारं उघडी असतात.