सही

रविवार, रात्री

न्यायालयाच्या अंतरिम आदेशानुसार महिन्यातील दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, सकाळी दहा ते सायंकाळी सहा, मुलगी माझ्याकडे असते. आज चौथा रविवार होता.

गेले पाच आठवडे एक कागद माझ्या कपाटाच्या खणात पडून होता. मुलीच्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांनी सही करून द्यावयाचा तो 'डी' नमुना. मे महिन्यात तिची आई तिला पंधरा दिवसांकरिता सिंगापूरला मावशीकडे नेणार आहे आणि परतीची तारीखही तिने मला लेखी कळवली आहे. तरीही मी सही केली नाही. वकिलांना विचारतो, असे सांगितले. वकिलांना मात्र विचारले नाही.

खरे कारण येथे तरी लिहावे. शाळा, डॉक्टर, गाण्याचा क्लास या सगळ्यांत माझे मत कोणी विचारत नसताना, माझ्यावाचून अडावे अशी ही एकच गोष्ट उरली होती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आधी पिता आणि त्याच्या 'नंतर' माता असा क्रम आहे, आणि तेवढे एक वाक्य मी गेले वर्षभर उराशी धरून बसलो होतो. त्या 'नंतर'चा अर्थ पित्याच्या मृत्यूनंतर एवढाच घ्यायचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्येच सांगितले आहे, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 13 नुसार मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे आहे, हेही मी वाचले होते. सोयीचे तेवढे लक्षात ठेवले.

शिवाय, अडतही नव्हते. दुसरा पालक संमती देत नसेल, तर अर्जदार पालकाने 'सी' नमुन्यात तसे जाहीर करून अर्ज करण्याची सोय आहे. तिच्या आईला ती ठाऊक असणारच. असे असूनही ती माझ्या सहीसाठी थांबली आहे, हे पाच आठवड्यांत मला एकदाही सुचले नाही.

दुपारी जेवणानंतर मुलगी वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी गिरवीत बसली होती. पाहिले, तर सह्या. ओळीने दहा-बारा, काही तिरक्या, काहींखाली दोन टिंबे. "पासपोर्टवर मला पण सही करायची आहे ना," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "बाबा, आडनाव न लिहिता नुसतं नाव लिहिलं तर चालतं का रे?" एकाही सहीत आडनाव नव्हते.

चालते, असे मी म्हणालो.

कायद्याच्या मराठीत अकरा वर्षांच्या मुलीला 'अज्ञान' म्हणतात. आमच्या गावच्या सातबाऱ्यावर माझ्या वडिलांच्या नावापुढे, ते चाळिशीला आले तरी, 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आजीचे नाव तसेच होते. शेरा कमी करण्याचा अर्ज कोणी केला नव्हता, एवढेच. मुलांबाबत आपण 'ताबा' हा शब्दही फ्लॅटचा घ्यावा तसाच वापरतो. मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते, अशी तरतूद 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमात कलम 17 मध्ये आहे. कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशक बाईंनी तिला एकटीला आत बोलावून विचारलेही होते. मी मात्र सिंगापूरला जावेसे वाटते का, एवढेसुद्धा विचारले नव्हते.

आज विचारले. मावशीच्या बाळाला अजून आपण प्रत्यक्ष पाहिलेलेच नाही, असे ती म्हणाली.

खणातून कागद काढला आणि तिच्याच पेनने सही केली. सहा वाजता तलावपाळीवर, रंगायतनजवळ, तो तिच्या आईच्या हाती दिला. तिने उभ्याउभ्याच दोन्ही बाजू वाचल्या, तारीख पाहिली आणि विचारले, "तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स?" ती मी आणली नव्हती. मंगळवारी सकाळी साडेनऊला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्रावर मुलीची वेळ आहे. तेथेच घेऊन येतो, असे सांगितले.

"या," ती म्हणाली.